थंडीत सकाळी पहिल्यांदा चालू न होणारी २००४ ची झेन : कुठून शोधायला सुरुवात करू?

गोदाकाठची | ४ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. घरात बाबांची २००४ ची मारुती झेन आहे. पेट्रोल, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली), एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत. पंधरा वर्षांनंतरचं रीपासिंग करून घेतलंय, पत्रा अजून ठणठणीत आहे. बाबांना मंगळवारी आणि शनिवारी पहाटे सहाच्या पाळीला डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणजे साडेपाचला गाडी फाटकाबाहेर पडायलाच हवी.

डिसेंबरच्या मध्यापासून सकाळची पहिली स्टार्टिंग गेलीय. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला एकदम भुर्र करतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. असं आठ-दहा वेळा झालं की मग थरथरत कशीबशी चालू राहते, तीही रेस धरून ठेवली तर. पाच मिनिटांनी सगळं सुरळीत. दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, किल्लीला हात लावला की चालू. रात्रभर उभी राहिली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आतापर्यंत नवी बॅटरी टाकली, चारही प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. साडेनऊ हजार गेले, फरक काहीच नाही. आता गॅरेजवाले म्हणतात पेट्रोल पंप बदलू, त्यानेही नाही झालं तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर बघू. मी विचारलं, पंपच कशावरून? तर म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं तर बदललंय, आता तेवढंच राहिलंय." हे उत्तर मला पटलेलं नाही. पैसे घालायला माझी ना नाही, पण कशासाठी घालतोय ते कळायला हवं.

परवा मंगळवार आहे. कुठून सुरुवात करू?

सिडकोकर | ४ जानेवारी, रात्री ९:३२

नवी असली तरी बॅटरी एकदा मीटर लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलीय. सेल्फ मारताना दुसऱ्या कुणाला मीटरकडे बघायला सांगा. साडेनऊ-दहाच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिचे लग, म्हणजे तिच्यावर कसलेली वायरींची टोकं. माझ्या गाडीचा नुसता निगेटिव्ह लग ढिला होता आणि मी सेल्फ खोलून बसलो होतो.

कॉलेजरोड_१५ | ४ जानेवारी, रात्री ९:४०

माझ्या मते इथेनॉल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. २००४ च्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. थंडीत इथेनॉलची वाफ लवकर होत नाही, त्यात ते पाणीही ओढून घेतं.

सोळाचा_पाना | ४ जानेवारी, रात्री १०:२५

ताई, तुम्ही लक्षणं नीट सांगितलीत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक 'गाडी चालू होत नाही' एवढंच सांगतात. सातपूरला तीस वर्षं माझं वर्कशॉप होतं, तिथले निम्मे गैरसमज याच एका वाक्यातून झाले.

कारण 'चालू होत नाही' हे तीन वेगळे आजार आहेत. सेल्फच फिरत नाही किंवा मलूल फिरतो, हा एक. त्यात बॅटरी, लग, अर्थिंगची पट्टी, सेल्फचे कार्बन. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा दुसरा. तिथे स्पार्क नाही, पेट्रोल नाही, नाहीतर कॉम्प्रेशन नाही. आणि पकडतं पण लगेच मरतं, हा तिसरा. तिथे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण चुकलेलं असतं. तुमची गाडी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे आहे. पहिल्यात ती कधीच नव्हती, म्हणजे बॅटरीचे पैसे पहिल्याच दिवशी वाचायला हवे होते.

कॉलेजरोडकरांचा मुद्दा चुकीचा नाही. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि जुन्या रबरी पायपांवरही नजर ठेवायला हवी. पण तेच पेट्रोल सगळं नाशिक भरतंय. त्याने एकाऐवजी दोन सेल्फ लागतील, दहा लागणार नाहीत. हे मूळ दुखणं नाही, दुखण्यावरचा भार आहे.

आता मुख्य गोष्ट. थंड इंजिन तपासायची संधी दिवसातून एकदाच मिळते, सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवताना. तुम्ही गॅरेजला पोचता तेव्हा गाडी वीस मिनिटं चाललेली असते. तिथे बोनेट उघडलं की मेकॅनिकला निरोगी गाडी दिसते. मग तो अंदाजाने एकेक सामान बदलत जातो. त्याच्या मनात खोट असतेच असं नाही, त्याला आजार दिसतच नाही. माझ्याकडे अशी गाडी आली की मी रात्री ठेवून घ्यायचो आणि सकाळी चहाच्या आधी, बोनेटला दंव असताना, स्वतः सेल्फ मारायचो.

तेव्हा एक वही करा. एका सकाळी एकच गोष्ट करून बघायची आणि लिहायची. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

उद्या काहीच वेगळं करू नका. रोजच्यासारखी चालू करा, फक्त बघा. बाहेर किती अंश आहे? किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का, आणि गाडी चालू झाल्यावर विझतो का? मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद 'झुंऽ' असा आवाज येतो का? धुराच्या नळीतून पेट्रोलचा वास येतो का, धूर कुठल्या रंगाचा? सिडकोकरांनी सांगितलेले व्होल्टही घ्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबलेला. थंडीत गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट होतं, क्लच दाबला की सेल्फवरचा तो ओढा जातो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा.

गोदाकाठची | ५ जानेवारी, सकाळी ७:५०

काका, मनापासून आभार. वही केली. आजची नोंद:

सकाळी ५:४०, गॅलरीतल्या थर्मामीटरवर ९ अंश. बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.६ पर्यंत उतरली. पंपाचा आवाज नीट येतो. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि चालू झाल्यावर विझतो. नऊ वेळा सेल्फ मारला, पाचव्याला भुर्र करून बंद, नवव्याला चालू. पेट्रोलचा वास अजिबात नाही. धूर नाही, नुसती पांढरट वाफ, ती दोन मिनिटांत गेली.

सोळाचा_पाना | ५ जानेवारी, सकाळी ८:३०

नऊ वेळा सेल्फ मारूनही वास नाही, ही मोठी खूण आहे. इतका वेळ पेट्रोल आत पडून जळत नसतं, म्हणजे स्पार्कचा दोष असता, तर नळीतून कच्च्या पेट्रोलचा भपकारा आला असता. तुमचं इंजिन ओव्हर होत नाहीये, म्हणजे जादा पेट्रोलने बुडत नाहीये, उपाशी आहे.

उद्या ही चाचणी करा. किल्ली ऑन करा, पंपाचा आवाज थांबू द्या, ऑफ करा. असं तीन वेळा करून मगच सेल्फ मारा. रात्रीत लाइनमधलं प्रेशर उतरत असेल तर ते तीन वेळांत भरून निघेल आणि गाडी पहिल्या-दुसऱ्याला पकडेल. तसं झालं तर पंपातला उलटा न जाऊ देणारा व्हॉल्व्ह किंवा टपकणारा इंजेक्टर. फरक पडला नाही तर पंपावरचा संशय पुष्कळ कमी होतो.

इंदिरानगरची_वाचक | ५ जानेवारी, दुपारी १:१५

मधेच विचारते, क्षमस्व. माझी गाडी सीएनजीवर आहे. सकाळी पेट्रोलवर चालू होताना असाच त्रास होतो, पण गॅसवर गेली की मख्खन. हाच आजार का?

सोळाचा_पाना | ५ जानेवारी, दुपारी २:४०

वेगळा असण्याची शक्यता जास्त, ताई. तुमच्याकडे पेट्रोल फक्त सकाळच्या दोन मिनिटांपुरतं वापरलं जातं. इंजिन थोडं तापलं की किट आपोआप गॅसवर जातं. मग टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तेच राहतं, त्याचा हलका भाग उडून जातो, आणि थंडीत पेट घेतो तो नेमका हलकाच भाग. इंजेक्टरच्या तोंडाशी चिकटाही बसतो. शिवाय पेट्रोल काट्याच्या तळाशी ठेवलं असेल तर पंप कोरडा फिरून खराब होतो, कारण त्याला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं.

टाकीत आठ-दहा लिटर ताजं पेट्रोल भरा आणि आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर इंजेक्टर साफ करून घ्या.

द्राक्षबाग_निफाड | ५ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

काका, डिझेलचंही सांगा. आमच्याकडे नाशिकपेक्षा दोन-चार अंश कमीच असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा रोज पेपरात येतो, तो काही उगाच नाही. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. माझी २००९ ची डिझेल पिकअप पहाटे पांढरा धूर ओकते आणि पकडत नाही. शेवटी ट्रॅक्टरने ओढून चालू करतो. मजूर आणायला उशीर होतो.

सोळाचा_पाना | ५ जानेवारी, रात्री ८:२०

दादा, डिझेलला स्पार्क नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटतं. बाहेरची हवाच पाच अंशांवर असेल तर दाबूनही पुरेशी तापत नाही, म्हणून हीटर प्लग दिलेले असतात. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. पहिला संशय हीटर प्लगवर.

बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, प्लगवरची पट्टी काढून दुसरं टोक प्लगच्या डोक्याला. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर तो प्लग मेला. चारही प्लग जिवंत निघाले तर पट्टी परत बसवून किल्ली ऑन करा आणि पट्टीवर बारा व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर रिले किंवा फ्यूज.

धूरच नसता तर मी उलटं सांगितलं असतं, की डिझेल पोचत नाहीये, लाइनने एअर घेतलीय, हातपंप मारून बघा. धूर आहे की नाही, एवढ्यावर अर्धं निदान होतं. हीटर ठीक निघाले तर मग नोझल. त्याची टेस्टिंग नाशकात होणार नाही तर कुठे होणार? मायको सर्कलला नाव ज्या कारखान्यावरून पडलं तिथे आयुष्यभर नोझलच बनले. त्या कारखान्यात हात तयार झालेली माणसं आजही गावात आहेत.

आणि ओढून चालू करणं थांबवा. गारठलेल्या इंजिनाला टोचन लावून झटका दिला की टायमिंग बेल्टवर आणि क्लचवर सगळा भार येतो.

गोदाकाठची | ६ जानेवारी, सकाळी ११:३०

बाबांना सोडून, घेऊन आत्ता घरी आले. आज १० अंश. किल्ली तीन वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला. काहीच फरक नाही, आठव्याला चालू. पाचला पाच मिनिटं असतानाच सुरुवात केली होती म्हणून वेळेत पोचलो. बाबा गाडीत शाल गुंडाळून बसले होते, म्हणाले, "तिला थोडी रेस दे, तिला थंडी वाजतेय." रेस देऊनही पाहिली, अर्धा पॅडल दाबून. नाही.

सोळाचा_पाना | ६ जानेवारी, दुपारी १२:१०

पॅडल दाबूनही फरक नाही, हे लिहिलंत ते बरं केलंत. आयडलची हवा देणारा व्हॉल्व्ह कार्बनने अडकला असता तर पॅडल दाबल्यावर लगेच पकडली असती. तोही गेला यादीतून.

उद्या सकाळी सहा-सात वेळा सेल्फ मारून झाला आणि गाडी पकडली नाही, की थांबा. एक प्लग काढा. हात लावायच्या आधी टॉर्च मारून टोक बघा, ओलं आहे की कोरडं.

सिडकोकर | ६ जानेवारी, दुपारी १२:३०

ताई, माझ्याकडे पेट्रोल प्रेशरचा गेज आहे. संध्याकाळी आणून लावतो. पंपाबद्दल बोलायचं तर आकडा बघूनच बोलू.

गोदाकाठची | ७ जानेवारी, सकाळी ८:१५

काल सिडकोकर दादा आणि वहिनी घरी आले होते. गेज लावला. इंजिन चालू असताना तीन बारच्या किंचित खाली. बंद केल्यावर अर्ध्या तासाने जवळपास तेवढंच. गेज रात्रभर तसाच ठेवला. आज पहाटे काटा थोडा खाली होता, पण किल्ली ऑन करताच परत जागेवर आला. दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आणि प्लग. सात वेळा सेल्फ मारल्यावर काढला. टोक कोरडं. स्वच्छ, करड्या रंगाचं, ओलाव्याचा मागमूस नाही. बोटाने पुसलं तर बोटाला वासही आला नाही.

सिडकोकर | ७ जानेवारी, सकाळी ८:४०

म्हणजे पंप निर्दोष. दारापर्यंत पेट्रोल येतंय, आत जात नाहीये.

सोळाचा_पाना | ७ जानेवारी, सकाळी ९:३०

अगदी बरोबर. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण कळीची जागा हीच आहे.

द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. गार इंजिनात पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होतो, उरलेला मॅनिफोल्डच्या आणि सिलिंडरच्या गार भिंतींना चिकटून बसतो. म्हणून थंडीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल आत सोडावं लागतं, तेव्हा कुठे पेटण्यापुरती वाफ तयार होते. कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये हे काम चोक करायचा. आपण मूठ ओढायचो, हवा कमी व्हायची, मिश्रण घट्ट व्हायचं. किती ओढायचा आणि कधी सोडायचा हे आपला हात ठरवायचा.

एमपीएफआयमध्ये तो हात ईसीएमचा. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते तो ठरवतो. पण त्याला थंडी वाजत नाही. इंजिन किती गार आहे हे त्याला कळतं ते कुलंटमध्ये बुडालेल्या एका सेन्सरवरून. दोन वायरींचा, बोटाच्या पेराएवढा. गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. या जातीच्या सेन्सरचे आकडे साधारण असे : दहा अंशांना पावणेचार हजार ओम, वीस अंशांना अडीच हजार, साठला सहाशे, ऐंशीला तीनशेच्या आसपास. त्या सेन्सरने 'इंजिन गरम आहे' असं सांगितलं की ईसीएम गरम इंजिनापुरतंच पेट्रोल सोडतो. मग प्लग कोरडे, वास नाही, धूर नाही, आणि एकदा इंजिन खरंच तापलं की सगळं सुरळीत. तुमच्या वहीत हेच सगळं लिहिलेलं आहे.

गोदाकाठची | ७ जानेवारी, सकाळी १०:०५

काका, पण हा सेन्सर गॅरेजमध्ये तपासला होता. मी समोर उभी होते. मीटर लावून २८० दाखवले आणि म्हणाले ओके आहे. शिवाय डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा अगदी नीट चालतो, सकाळी तळाला असतो. सेन्सर बिघडला असता तर चेक इंजिनचा दिवा नसता का लागला?

सोळाचा_पाना | ७ जानेवारी, सकाळी १०:४०

तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

गॅरेजमध्ये किती वाजता तपासला? गाडी चालवत नेली असणार. ऐंशी-नव्वद अंशांच्या इंजिनावर २८० ओम बरोबरच आहे. गरमात तो खरंच बोलतो. थंडीत काय बोलतो, हे कुणी विचारलंच नाही.

डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगळा असतो, एका वायरीचा. काटा बरोबर आहे यावरून ईसीएमला काय दिसतंय ते कळत नाही.

आणि दिवा. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर आकडा अशक्य होतो, तेव्हा ईसीएम दिवा लावतो. पण सेन्सरने थंडीत साठ अंश सांगितले तर तो आकडा अशक्य नाही. गाडी नुकतीच बंद करून पुन्हा चालू करत असाल, असंच ईसीएम समजतो.

उद्या पहाटे किल्लीला हात लावायच्या आधी सेन्सरचा कनेक्टर काढा आणि त्याच्या दोन पिनांवर मीटर लावा. दुसरं काही करू नका.

गोदाकाठची | ८ जानेवारी, सकाळी ६:२०

९ अंश. मीटरवर ६४० ओम.

दोनदा बघितलं. मीटरच्या सुया एकमेकींना टेकवून शून्य येतोय ना तेही पाहिलं. ६४०.

सिडकोकर | ८ जानेवारी, सकाळी ६:५५

सापडला!

सोळाचा_पाना | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

९ अंशांना साधारण चार हजार हवेत. ६४० म्हणजे ईसीएमला वाटतंय इंजिन साठ अंशांच्या जवळ आहे. उन्हाळ्यात हा फरक पचून गेला, कारण तेव्हा पेट्रोलची वाफ सहज होते. थंडी पडली आणि उघडं पडलं.

तरी एवढ्यावर नवा आणू नका. अजून एक सकाळ द्या. उद्या कनेक्टर काढलेलाच ठेवून सेल्फ मारा. वायर तुटलीय असं समजून ईसीएम ठरलेला राखीव आकडा धरतो. दिवा लागेल, रेडिएटरचा पंखाही फिरू लागेल, घाबरू नका. लवकर पकडली तर खात्री पटली.

कॉलेजरोड_१५ | ८ जानेवारी, सकाळी ९:००

मी इथेनॉलवर जरा लवकरच बोट ठेवलं. धाग्यातून पुष्कळ शिकायला मिळतंय. काका, असाच कोरडा प्लग सापडला आणि प्रेशर तपासायला गेज नसेल तर काय करायचं?

सोळाचा_पाना | ८ जानेवारी, सकाळी ९:३५

एअर फिल्टरकडून येणारी नळी काढून आत दोन सेकंद कार्ब क्लीनर मारायचा, नळी परत घट्ट बसवायची, डबा लांब ठेवायचा आणि मग सेल्फ मारायचा. लगेच पकडून दोन सेकंदांत मेली तर पेट्रोल कमी पडतंय हे सिद्ध झालं, स्पार्क आणि कॉम्प्रेशनची चिंता मिटली. आसपास विडी-काडी, देवघरातली समई काहीही पेटतं नको, आणि सेल्फ चालू असताना फवारा कधीच मारायचा नाही. एका पोराच्या भुवया जळालेल्या मी पाहिल्यात.

त्यानेही नाही पकडली, स्पार्कही चांगला आहे, तर कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरचं मोजा, एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह.

गोदाकाठची | ९ जानेवारी, सकाळी ७:३०

११ अंश. कनेक्टर काढून सेल्फ मारला. दुसऱ्याला पकडली आणि चालू राहिली. दिवा लागला, पंखा फिरू लागला, काका म्हणाले तसंच. आज दुपारी नवा सेन्सर आणते.

गोदाकाठची | १० जानेवारी, रात्री ९:४५

सेन्सर काल दुपारी द्वारका सर्कलजवळच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून आणला, नंबर जुळवून. चारशे साठ रुपये. काल संध्याकाळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सिडकोकर दादांनी बसवून दिला.

आज शनिवार. पहाटे ५:२०, ८ अंश, या थंडीतला माझ्या वहीतला सगळ्यात कमी आकडा. एक सेल्फ. आधी जरा जास्त आरपीएमवर राहिली आणि मग हळूहळू आयडलला उतरली, पूर्वी उतरायची तशी. बाबा दार उघडून बसत होते, त्यांचा एक पाय बाहेरच होता.

दुपारी घरी आल्यावर मला राहवलं नाही. काल नवा सेन्सर बसवायच्या आधीच त्याचे आकडे घेतले होते, आज त्याच पद्धतीने जुन्याचेही घेतले. छोट्या पातेल्यात पाणी आणि भरपूर बर्फ, त्यात फक्त पितळी टोक बुडवलं, पिना वर कोरड्या, त्यांना मगरचिमट्यांनी मीटर लावला. पाच मिनिटं थांबले. नवा सेन्सर ५७१० ओम. जुना ६९०. मग तेच पातेलं गॅसवर ठेवलं आणि आकडे उतरताना बघत राहिले. नव्याचा आकडा भराभर खाली येत होता, जुना बराच वेळ जागचा हलत नव्हता, पाणी चांगलं कढत आल्यावर सरकायला लागला. उकळीला नवा १९७, जुना १९०. गॅरेजवाल्यांना गरम इंजिनावर जे दिसलं ते हेच, जवळपास सारखं.

बाबांनी दोन्ही आकडे वहीत स्वतःच्या हाताने लिहिले.

सोळाचा_पाना | १० जानेवारी, रात्री १०:२०

ताई, हे पातेल्याचं काम तुम्ही फार सुंदर केलंत. नाशिक सुमारे सहाशे मीटरवर आहे, इथे पाणी शंभरला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. नव्या सेन्सरचा १९७ त्यामुळेही चपखल बसतो.

दोन कामं राहिलीत. सेन्सर काढताना थोडं कुलंट सांडलं असेल आणि आत हवा शिरली असेल. उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पातळी बघा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. कमी असेल तर त्याच रंगाचं, त्याच जातीचं कुलंट घाला, नुसतं नळाचं पाणी नको. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की झाकण लावा. दोन दिवस बाजूच्या टाकीची पातळी बघत राहा.

दुसरं, कनेक्टरच्या आत हिरवट थर दिसला का? असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या.

द्राक्षबाग_निफाड | ११ जानेवारी, सकाळी ६:४०

काका, टेस्ट लॅम्प लावला. चारपैकी तीन हीटर प्लग मेलेले. चारही नवे टाकले. आज इथे कडाक्याची थंडी, बागेत शेकोटी चालू आहे. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारला, दुसऱ्याला चालू, थोडा धूर आला आणि गेला. मजूर सातच्या आत बागेत पोचतील.

गोदाकाठची | ११ जानेवारी, सकाळी ९:१०

काका, कुलंट अर्धा लिटरच्या आसपास कमी होतं, हिरवंच भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवली. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट पूड होती, साफ केली. उद्या गॅरेजमध्ये जाऊन वही आणि जुना सेन्सर दाखवून येणार आहे. ते माणसं म्हणून चांगले आहेत, बाबांना कुठे अडलं तर धावून येतात. पुढच्या वेळी गाडी रात्री तिथेच ठेवायची, एवढंच त्यांच्याशी ठरवायचं आहे.

सोळाचा_पाना | ११ जानेवारी, सकाळी ९:३०

जरूर जा. त्यांना नवा आणि जुना असे दोन्ही आकडे द्या, थंडीतला आणि गरमातला. जुना सेन्सर टाकून देऊ नका, त्यांच्याकडेच ठेवा. शिकाऊ पोरांना पातेल्यात बुडवून दाखवायला उपयोगी पडेल.